गाडी कवा थरथरते?

शहानूरहून नरनाळा करून परत निघालो तेव्हा पाऊस थांबून तासभर झाला होता. अकोटच्या अलीकडे डांबरी सोडून एका मित्राच्या शेतात धुऱ्याधुऱ्याने गाडी घातली, चहा घेतला, निघालो. अकोल्यापर्यंत काही जाणवलं नाही. वेग चाळीस-पन्नासचा होता. अकोला सोडून राष्ट्रीय महामार्ग 53 ला लागलो, बोरगाव मंजू मागे टाकलं, काटा साठच्या पुढे सरकला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. सत्तरला ती थरथर कोपरापर्यंत चढली. ऐंशीला आतल्या आरशातला मागचा ट्रक पुसट दिसू लागला. नव्वदला मात्र थोडं निवळल्यासारखं वाटलं. मूर्तिजापूरच्या पुढे एका धाब्यावर थांबलो तेव्हा बोटं बधिर झाली होती.

हा रस्ता आपल्याकडच्या लोकांना चांगला आठवत असेल. जून 2022 मध्ये अमरावती-अकोल्यादरम्यान, लोणी ते माना या टप्प्यात, 75 किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरली गेली आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. गाडी तपासायला असा सलग, गुळगुळीत रस्ता हाताशी असणं ही मोठी सोय आहे. खडबडीत रस्त्यावर गाडीचा दोष रस्त्याच्या आवाजात दडून जातो, इथे तो एकटा उघडा पडतो.

माझी गाडी जुनी जिप्सी आहे. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये आणली, आणि मेळघाटात सफारीला गेलेल्या प्रत्येकाच्या पाठीला ती ओळखीची आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे. माझ्या आधीच्या मालकाने तिची उंची वाढवून घेतली होती: लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या), मोठे टायर, बाहेरून आणलेल्या रुंद डिस्क, म्हणजे चाकाच्या रिम. थार असो, जुनी एमएम 540 असो, जिमनी असो, उंची आणि टायर बदललेल्या प्रत्येक गाडीत प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात. म्हणून हा तपास कसा झाला ते सविस्तर लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत आमच्या मेकॅनिककडे, उस्तादांकडे गेलो. वाटेत मनाशी यादी करून ठेवली होती: स्टेअरिंग डॅम्पर बदलायचा, टायरॉड एंड बदलायचे, जमलं तर स्टेअरिंग बॉक्सही. उस्तादांनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, "भाऊ, काऊन थरथरते थे मंग पाहू. पयले कवा थरथरते थे सांगा."

हा 'कवा' फार महत्त्वाचा आहे. गाडीत फिरणाऱ्या वस्तू अनेक, पण प्रत्येकीचा फिरण्याचा वेग वेगळा. माझे टायर 235/75 आर 15 मापाचे, म्हणजे व्यास साधारण 73 सेंटिमीटर आणि परीघ 2.3 मीटर. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेनऊ फेऱ्या घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण चारच्या आसपास धरलं तर त्याच वेळी जॉइंट शाफ्ट सेकंदाला अडतीस-चाळीस वेळा फिरत असतो, आणि त्याच्या टोकाचे क्रॉस दर फेरीत दोनदा झटका देतात. चाकाचा दोष असला तर हाताला तो जवळजवळ मोजता येईल असा धडधडता लागतो. शाफ्टचा दोष घुमतो. तो बुडाला, पायाखालच्या पत्र्याला, दाराच्या काचेला जाणवतो. इंजिनाचा दोष गाडी उभी असतानाही रेस दिली की सापडतो.

त्यामुळे पान्हा उचलण्याआधी वहीत चार गोष्टी लिहायच्या. कोणत्या वेगाला सुरू होतं, कोणत्या वेगाला सर्वात जास्त. कुठे जाणवतं: हातात असेल तर बहुधा पुढचं चाक किंवा स्टेअरिंगचे सांधे, सीटखाली असेल तर मागचं चाक किंवा शाफ्ट. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढतं की सोडल्यावर. आणि रस्ता मोकळा असताना, त्याच वेगाला क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घेतला तर थांबतं का. थांबलं तर इंजिन, त्याचे रबर किंवा शाफ्टवर येणारा ताण. तसंच राहिलं तर चाकापासून मागे शोधत यायचं. ही चाचणी करताना इंजिन चालूच ठेवायचं. ते बंद केलं की ब्रेकची मदत जाते आणि चावी फिरली तर स्टेअरिंग लॉक होतं. फक्त ब्रेक मारतानाच हादरा येत असेल तर ब्रेक डिस्क किंवा ड्रम तपासा, बाकी सगळं सोडा.

वेगाबद्दल एक सावधगिरी. टायर मोठे केले की स्पीडोमीटर कमी दाखवतो, कारण तो फेऱ्या मोजतो. मूळ 205/70 आर 15 टायरच्या तुलनेत माझ्या टायरचा परीघ जवळजवळ दहा टक्के जास्त आहे. काटा ऐंशी म्हणतो तेव्हा गाडी अठ्ठ्याऐंशीने जात असते. फोनवरचा जीपीएसचा वेग लिहून ठेवा, नाहीतर दोन गाड्यांची तुलना करताना घोळ होतो.

मी सगळं सांगितल्यावर उस्तादांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पयले चाकं धुऊन आना."

मी गाडी धुतली होती. बाहेरून. चाक काढून उलटं केलं तेव्हा डिस्कच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या मागे, काळ्या मातीचा एक थर बसलेला दिसला. वाळून भेगाळलेला, पापडासारखा, पण खालून असा चिकटलेला की बोटाने हलेना. स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर हाताएवढी एक खपली अखंड निघाली. तिच्या एका बाजूला डिस्कची गोलाई जशीच्या तशी उमटली होती, दुसऱ्या बाजूला कपाशीचं वाळलेलं पान होतं. घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: 180 ग्रॅम.

एवढ्याशा मातीने काय होतं, असं वाटेल. पण ती फिरते आहे. चाकाच्या मध्यापासून 17 सेंटिमीटरवर 180 ग्रॅम वजन, सेकंदाला साडेनऊ फेऱ्या. हिशेब केला तर ती माती चाकाला अकरा-बारा किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि ती ओढ सेकंदाला साडेनऊ वेळा वर, पुढे, खाली, मागे अशी दिशा बदलते. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसला तो ऐंशीच्या जोराचा चौथा हिस्सा, म्हणजे तीन किलोच्या आत. अकोट ते अकोला गाडी शांत होती ती याचमुळे. चिखलदऱ्याच्या घाटात किंवा सेमाडोह-हरिसालच्या रस्त्यावर गाडी कधी तक्रार करत नाही आणि महामार्गाला लागली की करते, त्याचंही कारण हेच.

आपल्या काळ्या मातीचा चिकटपणा तिच्या बारीक कणांतून येतो. ती ओली असताना फुगते, लोण्यासारखी पसरते, आणि वाळली की आकसून घट्ट धरून ठेवते. मुरुमाची माती उडून जाते, ही जात नाही. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, त्याने बैलगाडीच्या आऱ्यांतून आणि ट्रॅक्टरच्या चाकांतून ती उपसली आहे. पाऊसकाळात शेतातून आलेली गाडी आतून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, चाकाला हात घालून धुतल्याशिवाय तिचं बॅलन्सिंगही करू नये. मातीसकट बॅलन्सिंग केलं तर माती सुटल्यावर लावलेली वजनंच नवा दोष होऊन बसतात.

चाकं धुतल्यावर सत्तरची थरथर निम्म्याने कमी झाली. निम्म्याने, पूर्ण नाही. बदललेल्या गाडीत दोष एकावर एक बसलेले असतात. एक काढला की खालचा दिसतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा जाऊन पाहायचं. चार वस्तू एकदम बदलल्या तर गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही विकत घ्याव्या लागतात.

पुढची पाळी टायर आणि डिस्कची. चाक जॅकवर घेतलं, शेजारी वीट उभी केली, विटेवर एक तार अशी ठेवली की तिचं टोक टायरच्या गोट्यांना जेमतेम लागणार नाही, आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. तार आणि टायरमधली फट एका जागी वाढते, दुसरीकडे मिटते का ते पाहायचं. दीड-दोन मिलिमीटरच्या वर फरक गेला तर ते चाक गोल नाही, आणि गोल नसलेलं चाक कितीही वजनं ठोकली तरी महामार्गावर शांत राहत नाही. तोच प्रयोग डिस्कच्या कडेवर केला की दोष टायरचा की डिस्कचा ते वेगळं होतं. माझं एक पुढचं चाक उड्या मारत होतं, पण डिस्क सरळ होती. म्हणजे टायर डिस्कवर नीट बसला नव्हता. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून, पुन्हा हवा भरल्यावर तो 'टप्प' आवाज करून जागेवर बसला.

बाहेरच्या डिस्कचा आणखी एक त्रास असतो. तिचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असलं तर चाक मध्यावर धरण्याचं सगळं काम नटांच्या उतारावर येतं. अशा वेळी चाक हवेत ठेवून, नट समोरासमोर थोडे थोडे आवळत आणायचे आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवून द्यायचा. घाईत एकीकडचे दोन नट आधी कसले की चाक तिरकं बसतं आणि तसंच राहतं. स्पेसर लावलेला असेल तर तो काढून एक फेरी मारून पाहावी.

चाकांच्या बाबतीत एक फुकटची चाचणी फार उपयोगाची आहे. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. थरथर हातातून सीटखाली गेली तर दोष चाकात. हातातच राहिली तर सांध्यात.

माझ्या हातातली थोडी उरलीच. मग गाडी खड्ड्यावर घेतली. मी वर बसून स्टेअरिंग दोन-तीन इंच डावी-उजवीकडे हलवत राहिलो, चाकं जमिनीवरच. उस्ताद खाली उभे. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा भरवसा. ड्रॅग लिंकच्या सांध्यावर पंजा ठेवला, अर्धा मिनिट थांबले, पुढे सरकले. टायरॉडचं डावं टोक, उजवं टोक. पिटमन आर्म. स्टेअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बोल्टने धरला आहे तिथे त्यांनी कापडाने तेल-माती पुसून बॅटरीच्या उजेडात भेग शोधली, कारण मोठ्या टायरचा ताण शेवटी तिथे येतो. मग मला खाली बोलावलं आणि माझं बोट एका सांध्याच्या फटीवर ठेवलं. वर त्यांच्या पोऱ्याने स्टेअरिंग हलवलं. बोटाला बारीक 'टक' लागली. आवाज अजिबात नव्हता. "हे पाह्यलं? डोयाले नाही दिसत," ते म्हणाले.

मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं. थोडं हललं. हे बेअरिंगचं की किंगपिनचं? एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. माझ्या गाडीत तसाच राहिला. जिप्सीत किंगपिन वर आणि खाली छोट्या बेअरिंगवर बसतात, आणि त्यांच्याखाली पातळ शिम असतात. शिम कमी केला की पकड वाढते. किती वाढवायची हे अंदाजाने ठरवायचं नसतं: टायरॉड सोडून, नकलला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचा आणि ते हलायला किती जोर लागतो तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडायचा. फार आवळलं तर वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, ढिलं ठेवलं तर चाक लटपटतं.

या लटपटीबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण ती जीव घेऊ शकते. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत एक चाक उंचवट्यावरून गेलं की दुसरं चाकही कलतं. फिरतं चाक कललं की ते भोवऱ्यासारखं बाजूला वळू पाहतं, वळलं की टायर त्याला परत खेचतो, तो धक्का अ‍ॅक्सलला बसतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. सांधे घट्ट असतील तर दोन-तीन झटक्यांत सगळं विरतं. सांधे ढिले असतील तर प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि स्टेअरिंग हातातून सुटेल इतकं मारायला लागतं. ही गोष्ट नवी नाही. 1920 च्या दशकात फुगीर टायर आणि पुढचे ब्रेक आले तेव्हा युरोप-अमेरिकेत हा रोग पसरला होता, आणि 1931 मध्ये बर्लिनमध्ये बेकर, फ्रॉम आणि मारून या तिघांनी त्यावर मोठा अभ्यास छापला. 1934 पासून अमेरिकी मोटारींत पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी करण्याची पद्धत आली, त्यामागे हेही एक कारण होतं. जुन्या धाटणीचा अ‍ॅक्सल मेळघाटात फार चांगला चालतो. त्याची किंमत म्हणून त्याचे सांधे तपासत राहावे लागतात.

गाडी अशी मारायला लागलीच तर करकचून ब्रेक मारू नका आणि स्टेअरिंगशी झुंजूही नका. दोन्ही हातांनी घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या, कडेला घ्या. वेग कमी झाला की ती थांबते. आणि मग नुसता नवा डॅम्पर बसवून पुढे जाऊ नका. डॅम्पर ढिल्या सांध्याला घट्ट करत नाही, त्याची खूण तेवढी लपवतो. माझ्या यादीत तो पहिला होता. आज वाटतं, तो आधी बसवला असता तर किंगपिन कदाचित फार उशिरा सापडले असते.

उंची वाढवण्याचे परिणाम अजून बाकी होते. सायकलच्या पुढच्या फोर्कला मागे कल असतो, म्हणून हात सोडूनही ती सरळ जाते. गाडीत त्या कलाला कॅस्टर म्हणतात. जिप्सीत तो मुळातच जेमतेम साडेतीन अंश असतो. पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत लांब शॅकल लावलं की पाट्याचं ते टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल पुढे झुकतो. मीटरभर लांबीच्या पाट्याचं टोक पाच सेंटिमीटर खाली गेलं तर कोन जवळपास तीन अंशांनी फिरतो. म्हणजे कॅस्टर जवळजवळ संपला. अशी गाडी महामार्गावर ट्रकच्या वाऱ्याने भरकटते, सतत सांभाळावी लागते, आणि लटपटीला तिची वाट मोकळी होते. उपाय सोपा आहे: पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पोलादी तिरपी पाचर घालून कोन परत मागे आणायचा. पाचर घातल्यावर यू-बोल्ट शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, आणि टो-इन नव्याने मोजायचं.

मागच्या अ‍ॅक्सललाही लांब शॅकलने फिरवलं होतं, तिथे त्याचा त्रास शाफ्टला होतो. क्रॉस वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. दर फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. दहा अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्का, वीस अंशांना सहा. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एका क्रॉसची चूक दुसरा खोडून काढतो. शॅकलमुळे डिफरन्शियलचं नाक वर उचललं गेलं की कोन सारखे राहत नाहीत आणि घूं-घूं सुरू होते. फोनमधल्या कोनमापकाने दोन्ही टोकं मोजता येतात. गाडी सपाट जागी, स्वतःच्या चाकांवर उभी हवी.

कोनाआधी मात्र एक गोष्ट पाहावी. शाफ्टच्या दोन टोकांचे कान एका रेषेत आहेत का? माझ्या गाडीचा मागचा शाफ्ट कुठल्याशा गॅरेजात ग्रीस करायला काढला होता आणि परत घालताना स्प्लाइन एक-दोन दात चुकवून बसवला होता. तशा शाफ्टमध्ये एकाची चूक दुसरा खोडत नाही, वाढवतो. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली आणि पैसे लागले नाहीत. उस्तादांनी जोडण्याआधी दोन्ही भागांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. पुढच्या वेळी कोणीही काढला तरी रेघ जुळवायची.

उंची, टायर असे बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लक्षात ठेवा. नोंदणी पुस्तकातली माहिती खोटी ठरेल असा बदल चालत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा दावा करताना तो मुद्दा पुढे येतो.

पंधरा दिवसांनी, पहाटे, ट्रकची वर्दळ सुरू व्हायच्या आत, बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघालो. शेजारी भाचा वही आणि फोन घेऊन बसला होता. साठ, सत्तर, ऐंशी: स्टेअरिंग शांत. आरशातला मागचा टेम्पो स्वच्छ दिसत होता. पंच्याऐंशीला अ‍ॅक्सिलरेटर सोडला तेव्हा पायाखाली बारीक गुणगुण आली, दाबला की गेली, न्यूट्रलला घेतल्यावर आलीच नाही. भाच्याने लिहून घेतलं. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी आधारांवर टांगलेला असतो. घरी येऊन गाडीखाली शिरलो, त्याच्या तीन आधारांपैकी डावीकडच्या रबराला नख लावलं, तर ते पत्र्यापासून सुटून वर आलं.

"मामा, हे आता बदलायचं?" भाच्याने विचारलं.

"हो. हे एकच," मी म्हणालो.